कुंडीतले शिर

संगणकाच्या पडद्याशेजारी, पेनांचा पेला आणि टाचण्यांची डबी यांच्या मध्ये कुठेतरी, वीतभर उंचीचे एक डोके ठेवलेले असते. डोळे मिटलेले, ओठांवर हसू आणि टाळूच्या जागी खळगा. खळग्यात माती, मातीत एखादे निवडुंगाच्या जातीचे रोप किंवा गवताचा झुपका. दुरून पाहणाऱ्याला वाटावे की या गृहस्थाचे केस हिरवे आहेत आणि त्याने बरेच दिवस ते कापलेले नाहीत. कचेरीतल्या टेबलाला जरा जिवंतपणा यावा म्हणून अशा गमतीदार कुंड्या विकत घेतल्या जातात, भेट दिल्या जातात, आणि निरोपसमारंभानंतर मागे राहिलेल्या सामानात कोरड्या अवस्थेत सापडतात. वस्तू क्षुल्लक आहे हे मान्य. पण डोक्यातून रोप उगवते ही कल्पना क्षुल्लक नाही, आणि ती विनोदी तर मुळीच नव्हती. माणसाचे शिर, मातीचे भांडे आणि कोवळा अंकुर हे तिन्ही एकत्र येतात तेव्हा आपण हसतो; आपल्या आधीच्या लोकांनी याच दृश्यापुढे शोक केला आहे आणि शोक करता करता ते हसलेही आहेत. या दोहोंतले नेमके काय आपल्या टेबलापर्यंत पोचले आणि काय वाटेत गळाले, हे पाहण्यासारखे आहे.

या कुंडीचा अर्वाचीन इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९७७ साली जोसेफ पेडॉट नावाचा सॅन फ्रान्सिस्कोचा एक जाहिरातदार शिकागोच्या गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाला गेला होता. तिथे त्याला कळले की मेक्सिकोहून येणाऱ्या एका मातीच्या खेळण्याला दुकानांत चांगली मागणी आहे. त्या खेळण्याच्या अंगावर भिजवलेले बी थापायचे, की आठवडा-पंधरवड्यात हिरवी लव उगवते. पेडॉटने त्याचे हक्क घेतले आणि ‘चिया पेट’ हे नाव घरोघर पोचवले. पहिली मूर्ती एका पुरुषाच्या डोक्याची होती, ‘चिया गाय’. (यातला ‘गाय’ म्हणजे इंग्रजीतला गडी, मराठी वाचकाने दुभते जनावर समजू नये.) १९८२ मध्ये मेंढा आला, त्याची हिरवी लोकर अमेरिकेला फार आवडली, आणि चिया या शब्दाची पहिली अक्षरे अडखळत म्हणणारे जाहिरातगीत तिथल्या एका पिढीच्या तोंडी बसले. नाताळ आला की हा माल खपायचा. पुढे कार्टूनमधली पात्रे, चित्रवाणीवरचे चेहरे, राष्ट्राध्यक्ष अशी सगळ्यांची डोकी निघाली. २०१८ मध्ये पेडॉटने कंपनी विकली आणि २०२३ मध्ये तो वारला. व्यापाराची कथा इथे संपते. बियाची कथा मात्र बरीच जुनी आहे.

चिया हे तुळशीच्या कुळातले झुडूप. त्याचे बी पाण्यात पडले की त्याच्याभोवती बुळबुळीत वेष्टन तयार होते. फालुद्यातला सब्जा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. या चिकटपणामुळेच चियाचे बी मातीच्या उभ्या भिंतीवर, मेंढ्याच्या कुशीवर किंवा माणसाच्या टाळूवर घसरून न पडता रुजते. सारा खेळ या एका गुणावर उभा आहे. मेक्सिकोत स्पॅनिश लोक येण्यापूर्वी चिया हे मक्याच्या बरोबरीने महत्त्वाचे धान्य होते. ॲझ्टेक राज्याला कोणत्या गावाहून काय खंडणी येत असे त्याच्या चित्रमय नोंदी सोळाव्या शतकातल्या ‘कोडेक्स मेंडोसा’त आहेत, त्यांत चियाही आहे. पेडॉटच्या मूर्ती ज्या प्रदेशातून येत त्या वाहाका प्रांतात आजही ईस्टरच्या आधी, झावळ्यांच्या रविवारापूर्वीच्या शुक्रवारी, दुःखी मातेची वेदी मांडतात. मुलाच्या मृत्यूने व्याकूळ झालेल्या मेरीची ती वेदी. तिच्यापुढे चिया उगवलेली मातीची जनावरे ठेवण्याची प्रथा आहे. मेंढरू हा त्यांतला नेहमीचा आकार, कारण मेंढरू म्हणजे बळी जाणारा ख्रिस्त. अमेरिकेतल्या नाताळात खपलेला तो लोकरीचा मेंढा कोणत्या कळपातला होता, हे यावरून ध्यानात यावे. ज्या खेळण्याला हसले गेले त्याचे आप्त सुतकाच्या वेदीवर बसलेले होते.

मृत देवाच्या शरीरातून धान्य उगवते ही कल्पना आणखीही मागे जाते. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला तुतनखामेनची कबर सापडली, तिच्यात ओसायरिस या देवाच्या आकृतीची एक लाकडी चौकट होती. चौकटीत नाईलचा गाळ भरून त्यात धान्य पेरलेले होते आणि ते कबरीच्या अंधारात उगवलेही होते. माणसाच्या आकाराची कुंडी म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या जुन्या वस्तूंपैकी ही एक. तिच्यात विनोदाचा लवलेश नाही.

विनोद दिसू लागतो तो अथेन्समध्ये. तिथल्या स्त्रिया उन्हाळ्यात फुटक्या मडक्यांच्या खापरांत सॅलडचा पाला, बडीशेप वगैरेंचे बी पेरीत आणि ती खापरे शिडीने घराच्या छपरावर नेऊन ठेवीत. उन्हामुळे अंकुर झपाट्याने वर येत आणि तितक्याच झपाट्याने करपून जात. या ‘ॲडोनिसच्या बागा’. ॲडोनिस हा ॲफ्रोडाइटीचा तरुण प्रियकर, रानडुकराने मारलेला. बाग करपली की स्त्रिया त्याच्या नावाने आक्रोश करीत आणि खापरे पाण्यात सोडून देत. हा विधी नगरराज्याच्या अधिकृत पंचांगातला नव्हता. घराघरांतल्या बायका एकत्र जमून रात्री छपरावर तो साजरा करीत, आणि त्यात रडण्याइतकाच धिंगाणाही असे. ॲरिस्टोफेनिसच्या ‘लिसिस्ट्राटा’ या इसवी सनपूर्व ४११ मधल्या प्रहसनात एक सरकारी अधिकारी याबद्दल कुरकुर करतो. सभेत सिसिलीवर आरमार पाठवण्याचा ठराव चालू आहे आणि शेजारच्या छपरावरून ठराव मांडणाऱ्याचीच बायको ॲडोनिसच्या नावाने टाहो फोडते आहे, असे तो सांगतो. सिसिलीच्या त्या मोहिमेत अथेन्सचा सर्वनाश झाला हे प्रेक्षकांना माहीत होते. तेव्हा हसू नेमके कोणाचे झाले, छपरावरच्या बायकांचे की सभेतल्या शहाण्यांचे, हा प्रश्न नाटककाराने उघडा ठेवला आहे. कचेरी आणि कुंडी यांचा सामना झाल्याचा याहून जुना प्रसंग माझ्या वाचनात नाही.

या बागांविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. जेम्स फ्रेझरने त्यांना पिके वाढावीत म्हणून केलेली यातुक्रिया मानले, आणि भारतातल्या अशाच विधींचे दाखले दिले. मार्सेल देतिएनने १९७२ मध्ये त्याच्या नेमके उलटे मांडले : या बागा शेतीची नक्कल करीत नाहीत, शेतीची थट्टा करतात, आठ दिवसांत उगवून मरणाऱ्या रोपातून वांझपणाच दाखवायचा आहे. जॉन विंकलर या अभ्यासकाने १९९० मध्ये त्यात बायकांचे हसू ऐकले. पुरुषाचा आवेश किती लवकर उगवतो आणि किती लवकर माना टाकतो, यावर पुरुषांच्या माघारी केलेली ती मल्लिनाथी होती, असे त्याचे म्हणणे. मला विंकलरचे वाचन अधिक पटते, निदान या अर्थाने की शोक आणि चेष्टा हे दोन्ही एकाच खापरात मावतात हे तो मान्य करतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना यातली आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी. प्लेटोने ‘फीड्रस’मध्ये लेखनाची तुलना या बागांशी केली आहे. शहाणा शेतकरी फळाची आशा असलेले बी ॲडोनिसच्या बागेत पेरणार नाही, पेरलेच तर गंमत म्हणून. लिहिणाऱ्याचेही तसेच, असे सॉक्रेटिस तिथे म्हणतो. म्हणजे पाश्चात्त्य परंपरेत लेखनाविषयीचा पहिला मोठा संशय व्यक्त झाला तो एका शोभेच्या कुंडीच्या रूपकातून.

आपल्याकडे याच क्रियेला हसण्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण ती देवघरात होते. घटस्थापनेला परडीत किंवा पत्रावळीवर माती पसरून तीत धान्य पेरतात, मध्ये घट ठेवतात, आणि नऊ दिवस पाणी घालून अंधारलेल्या कोपऱ्यात पिवळट हिरवे अंकुर वाढवतात. दसऱ्याला घट उठतात आणि ते अंकुर पुरुष टोपीत किंवा पागोट्यात खोवतात, कानावर ठेवतात. डोक्यावर उगवलेले धान घेऊन माणसे सीमोल्लंघनाला निघतात, हे दृश्य खेड्यांत अजूनही दिसते. अंकुरलेले डोके पाहून आपल्याला जी मौज वाटते तिचे एक मूळ कदाचित इथेही असेल. मात्र इथे डोके जिवंत आहे, आणि मुख्य म्हणजे ते ज्याचे त्याचे आहे.

दुसऱ्याचे डोके कुंडीत येते ते बोकाचिओच्या कथेत. ‘डेकामेरॉन’ हा ग्रंथ १३४९ ते १३५३ या सुमारास, प्लेगच्या साथीनंतर लिहिला गेला. त्याच्या चौथ्या दिवसाची पाचवी कथा मेसिनाच्या लिझाबेट्टाची. तिचे तीन भाऊ बाप गेल्यावर गबर झालेले व्यापारी आहेत. त्यांच्या पेढीचा सगळा कारभार लोरेन्झो नावाचा पिसाचा एक तरुण सांभाळतो. लिझाबेट्टा आणि लोरेन्झो यांचे प्रेम जमते. भावांना ते कळते, पण ते आरडाओरडा करीत नाहीत; बभ्रा होऊ न देता, व्यापाराला धक्का न लावता काम उरकायचे असते. फिरायला म्हणून ते त्याला शहराबाहेर नेतात, मारतात आणि पुरतात. कामानिमित्त परगावी धाडला आहे असे घरी सांगतात, आणि त्याला नेहमीच कामानिमित्त परगावी धाडले जात असल्यामुळे कोणाला संशय येत नाही. लोरेन्झो स्वप्नात येऊन लिझाबेट्टाला जागा सांगतो. ती दासीला घेऊन तिथे जाते, माती उकरते. सगळे शरीर नेणे शक्य नाही म्हणून सुरीने शिर वेगळे करते, घरी आणून उंची वस्त्रात गुंडाळते, एका मोठ्या सुबक कुंडीत ठेवून वर माती घालते आणि बेसिलची रोपे लावते. ती रोपे फक्त गुलाबपाण्याने, संत्र्याच्या फुलांच्या पाण्याने किंवा आसवांनी शिंपते. कुजणाऱ्या शिराच्या खताने रोप माजते, घमघमते. शेजारी तिच्या वागण्याविषयी कुजबुजतात. भाऊ कुंडी पळवतात, रिकामी करतात, आणि आतले शिर कुरळ्या केसांवरून ओळखतात. मग ते शिर पुरून, व्यवहाराची नीट निरवानिरव करून, गुपचूप नेपल्सला निघून जातात. कुंडी परत द्या म्हणत लिझाबेट्टा मरते.

वर्गात ही कथा सांगितली की आधी कोणीतरी हसते, आणि ते हसू वावगे नाही. कुंडीला मिठी मारून बसलेली मुलगी हे दृश्य हास्यास्पदाच्या अगदी कडेवर उभे आहे, आणि बोकाचिओला ते माहीत असावे. पण माझे लक्ष वेधते ते लोरेन्झोच्या हुद्द्याकडे. कुंडीतले हे शिर एका नोकराचे आहे. पेढीच्या हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या, मालकांच्या विश्वासातल्या, बदलीवर कधीही पाठवता येण्याजोग्या माणसाचे. कीट्सने ही कथा ‘इझाबेला’ या दीर्घ कवितेत घेतली (ती १८२० मध्ये प्रसिद्ध झाली) आणि स्थळ बदलून फ्लॉरेन्स केले, तेव्हा त्याने नेमका हाच धागा ताणला. भावांच्या संपत्तीमागे खाणींत आणि कारखान्यांत राबणारे मजूर आहेत, त्यांच्यासाठी सिंहली पाणबुडे समुद्रात जीव धोक्यात घालतात, असे सांगण्यासाठी त्याने प्रेमकथा काही कडवी थांबवून ठेवली. अनेक टीकाकारांना तो भाग उपरा वाटला. बर्नार्ड शॉने मात्र १९२१ मध्ये, कीट्सच्या मृत्युशताब्दीच्या वर्षी, असा अभिप्राय दिला की कार्ल मार्क्सने ग्रंथाऐवजी कविता लिहिली असती तर ती ‘इझाबेला’सारखी झाली असती. शॉच्या नेहमीच्या अतिशयोक्तीचा भाग वगळूनही यात तथ्य आहे. पुढे होल्मन हंटने १८६८ मध्ये पूर्ण केलेल्या चित्रात कुंडीला बिलगलेली इझाबेला रंगवली, कुंडीवर कवट्यांची नक्षी काढली, आणि पेढी, वह्या, मजूर हे सगळे चौकटीबाहेर गेले. उरले ते प्रेम आणि सुंदर भांडे. कुंडीची शोभेकडे वाटचाल इथपासून सुरू झाली असे म्हणायला हरकत नाही.

बोकाचिओच्या मूळ इटालियनमध्ये एक भाषिक योगायोग आहे, आणि तो केवळ योगायोग नाही. कुंडीला तो ‘तेस्तो’ म्हणतो आणि डोक्याला ‘तेस्ता’. ‘तेस्ता’ हा शब्द लॅटिनमध्ये मुळात मातीच्या भांड्याचा, खापराचा वाचक. लोकांच्या बोलण्यात तो थट्टेने डोक्यासाठी वापरला जाऊ लागला आणि पुढे तोच डोक्याचा रूढ शब्द झाला. फ्रेंचमधला ‘तेत’ही त्याचाच वंशज. म्हणजे डोके म्हणजे मडके हा विनोद रोमन बाजारातला आहे आणि दोन मोठ्या भाषांनी तो गंभीरपणे स्वीकारून टाकला आहे. (इटालियनमध्ये संहितेलाही ‘तेस्तो’च म्हणतात, पण त्याची व्युत्पत्ती निराळी, विणण्यावरून आलेली. तरीही कुंडी, डोके आणि संहिता यांचा हा नादसंबंध समीक्षकांना मोह पाडत आला आहे.) संस्कृताची साक्षही याच बाजूची. ‘कपाल’ म्हणजे कवटी आणि कपाल म्हणजे खापर. यज्ञात पुरोडाश भाजायचा तो मातीच्या कपालांवर, कापालिक भिक्षा मागतो ती नरकपालात, आणि नैयायिकांचा लाडका घट तयार होतो तो दोन कपालांच्या संयोगाने. मराठी संतांनी देहाला घट म्हटले आणि धर्मशास्त्राने बहिष्कृताला जिवंतपणी मेलेला ठरवण्यासाठी घट पालथा घालण्याचा विधी सांगितला. त्यातला ‘घटस्फोट’ हा शब्द आपण आज न्यायालयात वापरतो. माणूस आणि मडके यांची अदलाबदल भाषेने आपल्या कितीतरी आधी करून ठेवलेली आहे.

बेसिल म्हणजे कोण, हेही एकदा स्पष्ट केले पाहिजे. मराठी अनुवादक सरसकट ‘तुळस’ लिहितात, पण लिझाबेट्टाच्या कुंडीतले रोप आपल्या अंगणातली तुळस नव्हे; ते सब्जाचे रोप. आपल्याकडे मुसलमान समाजात कबरीवर सब्जा वाहतात, लावतात. तेव्हा मृताच्या डोक्याशी सब्जा ही जोडी मेसिनापुरती नाही. तुळस ही त्याची बहीण, आणि तिचीही कथा मरणाचीच आहे. जालंदराची पत्नी वृंदा विष्णूकडून फसवली जाते, अग्निप्रवेश करते आणि तिच्या रक्षेतून तुळस उगवते. लिझाबेट्टाच्या कथेत पुरुषाच्या शिरावर रोप, इथे स्त्रीच्या राखेत. मराठी मुलखात मृताच्या दहनस्थानी किंवा रक्षेवर वृंदावन बांधण्याची चाल होती, तेव्हा ‘वृंदावन’ हा शब्द समाधीचाही वाचक झाला. तुळशीचे लग्न दरवर्षी नव्याने का लावावे लागते, असा प्रश्न दामोदर धर्मानंद कोसंबींनी विचारला आणि त्यामागे नवरदेवाच्या वार्षिक बळीची अंधूक स्मृती असावी असे सुचवले. अनुमान धाडसाचे आहे, पण मातृदेवतेचा प्रियकर दरवर्षी मरतो हे ॲडोनिस ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते अगदीच अपरिचित वाटणार नाही.

सिसिलीकडे पुन्हा एकदा वळावे लागते. तिथल्या कालताजिरोने या गावच्या कुंभारांची ख्याती आहे ती माणसाच्या मस्तकाच्या आकाराच्या कुंड्यांसाठी. पगडी किंवा मुकुट घातलेला सावळा ‘मूर’ आणि त्याच्या जोडीला गोरी युवती, दोघांच्या माथ्यावर झाड. पालेर्मोच्या कालसा या मूळच्या अरब वस्तीतली त्यामागची लोककथा अशी : ११०० च्या सुमारास सज्जात झाडांना पाणी घालणाऱ्या मुलीवर एका मूर तरुणाचे मन जडले. काही दिवसांनी त्याने सांगितले की आपली बायकामुले दूर देशी आहेत आणि आता परत जायचे आहे. रात्री तो झोपलेला असताना तिने त्याचा शिरच्छेद केला आणि शिराची कुंडी करून तीत बेसिल लावली. रोप इतके फोफावले की शेजारणींनी कुंभाराकडून तशाच कुंड्या करून घेतल्या. ही कथा बोकाचिओच्या कथेची जणू उलटी बाजू. तिथे मारणारे भाऊ, इथे प्रेयसी; तिथे शिर मातीखाली लपवलेले, इथे सज्जात मिरवलेले. कथेतले वर्षही बोलके आहे. पालेर्मो नॉर्मनांनी अरबांकडून घेतले ते १०७२ मध्ये. जिंकलेल्या शहरात, हरलेल्यांपैकी एकाचे कापलेले डोके, आणि त्यावर शेजारणींचा हेवा. २०२२ मध्ये ‘द व्हाइट लोटस’ या अमेरिकी मालिकेने तिच्या सिसिलीतल्या भागात ही मस्तके सर्वत्र मांडून ठेवली, आणि ती जगभर पुन्हा चर्चेत आली. घराची शोभा म्हणून ती घेणाऱ्याला कथा ठाऊक असते, पण कथेतले डोके कोणत्या लोकांचे होते याचा विचार करण्याची गरज त्याला वाटत नाही.

ती गरज २००९ मध्ये अचानक निर्माण झाली. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर पेडॉटच्या कंपनीने त्यांचे चिया-मस्तक काढले, एक हसरे आणि एक निश्चयी मुद्रेचे. केसांच्या जागी अर्थातच हिरवी लव. वॉलग्रीन्स या औषधदुकानांच्या साखळीने शिकागोतल्या आणि अन्य काही दुकानांतून ते मागे घेतले, कारण त्याला वंशद्वेषाचा वास येत असल्याची भावना होती. पेडॉटचे म्हणणे होते की त्याने ते आदराने काढले. दोन्ही बाजू प्रामाणिक असू शकतात. पण कृष्णवर्णीय माणसाच्या केसांची चेष्टा हा अमेरिकेतला जुना आणि विखारी विनोद आहे. कोणत्याही पांढऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या कुंडीला जे निरुपद्रवी ठरले असते ते इथे तसे राहू शकले नाही. चेहरा निनावी असेतोवर हसू चालते. त्याला नाव आणि इतिहास आला की बोकाचिओच्या त्या भावांप्रमाणे लोक केसांवरून शिर ओळखू लागतात.

आता कचेरी. अँरी बर्गसाँने १९०० मध्ये हास्याची मीमांसा करताना म्हटले होते की सजीवावर यांत्रिकतेचा थर चढला की हसू येते. टेबलावरची कुंडी याच्या नेमकी उलट आहे : जड, साचेबंद डोक्यातून सजीव काहीतरी वर येते. पण ती ज्या जागी ठेवली जाते ती जागा पाहिली की बर्गसाँ पुन्हा बरोबर ठरतो, कारण तिथे यांत्रिक झालेला जीव कुंडीसमोर खुर्चीत बसलेला असतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत भिंती काढून, कुंड्यांच्या आडोशाने माणसे विभागणारी खुली कचेरी आली. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्टने १९६८ मध्ये माणसाला मोकळे हालता यावे म्हणून सुट्या पडद्यांची मांडणी योजली. कंपन्यांनी त्या पडद्यांचे खुराडे केले, आणि प्रॉप्स्टने पुढे त्या प्रकाराचा कडक शब्दांत धिक्कार केला. खुराड्यात माणसाला स्वतःची म्हणून मांडता येईल अशी जागा उरली ती टेबलाच्या कडेची वीतभर. टेबलावरच्या रोपाने हवा शुद्ध होते असे सांगितले जाते. १९८९ च्या नासाच्या बंद पेटीतल्या प्रयोगाचा तो दूरचा पडसाद. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा फेरआढावा घेतला गेला तेव्हा दिसले की तसा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला दहा ते हजार रोपे लागतील. म्हणजे कारकुनालाच बाहेर बसावे लागेल.

कचेरी आणि रोप यांचे खरे नाते जॉर्ज ऑर्वेलने ओळखले होते. ‘कीप द ॲस्पिडिस्ट्रा फ्लाइंग’ (१९३६) या कादंबरीतला गॉर्डन कॉमस्टॉक जाहिरातसंस्थेची नोकरी सोडून कविता लिहायला बसतो. मध्यमवर्गीय खिडक्यांतून दिसणारे ॲस्पिडिस्ट्राचे चिवट रोप त्याला शत्रू वाटते. आपल्या भाड्याच्या खोलीतल्या रोपाला तो पाणी देत नाही, जळत्या सिगारेटचे चटके देतो, मातीत मीठ मिसळतो. ते मरत नाही. शेवटी तो लग्न करून जाहिरातसंस्थेत परततो आणि हट्टाने एक ॲस्पिडिस्ट्रा विकत आणतो. हा पराभव की शहाणपण, यावर वाचक अजून भांडतात. मला तरी ते रोप लिझाबेट्टाच्या कुंडीचे थकलेले वंशज वाटते. फरक एवढाच की आत कोणाचे डोके पुरले आहे हे विकत घेणाऱ्याला आता पुरेपूर माहीत असते.

अलीकडे टेबलांवर सर्वाधिक दिसणाऱ्या मस्तकांत दोन आहेत. एक ग्रूट. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ या २०१४ च्या चित्रपटातला हा झाडमाणूस मित्रांना वाचवण्यासाठी स्वतः फुटून जातो, त्याची एक काडी कुंडीत लावतात आणि अखेरीस ती बाळरूपात डोलू लागते. मरून कुंडीत पुन्हा उगवणारा देव, अगदी साद्यंत. ओसायरिसच्या पुजाऱ्याला ते समजावून सांगावे लागले नसते.

दुसरे मस्तक बुद्धाचे. उष्णीष काढून तिथे खळगा केलेला, आत निवडुंग. हे विक्रीला ‘मनःशांती’च्या सदरात असते, आणि पुष्कळदा ‘गमतीदार’च्याही. बुद्धाचे नुसते शिर ही वस्तू मुळात आली कुठून? गांधार, अंगकोर इथल्या मूर्ती लुटणाऱ्यांना अख्खी मूर्ती उचलणे जड जाई, म्हणून शिर तोडून नेले जाई. परदेशी संग्रहांतून ते सुटे शिर एक सुंदर आकार म्हणून डोळ्यांना सवयीचे झाले, आणि मग त्याच्या प्रतिकृती निघाल्या. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर न्यायला परवाना लागतो, आणि बुद्ध हा सजावटीसाठी नाही असे सांगणारे मोठे फलक बँकॉकमध्ये लागलेले आहेत. महाराष्ट्रात या प्रश्नाला निराळी धार आहे. इथल्या कचेरीत त्या कुंडीच्या पलीकडच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याच्या आजोबांनी कदाचित १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांसोबत दीक्षा घेतलेली असते. माणूस म्हणून ताठ उभे राहण्याची घटना ज्या मुद्रेशी जोडलेली आहे, तिच्या टाळूत कोणी सकाळी उरलेल्या चहाची चिंधी रिकामी करतो. सहकारी बहुधा काही बोलत नाही. बोलला तर ‘अहो, गंमत आहे’ हे उत्तर तयार असते, आणि गमतीवर हरकत घेणारा माणूस कचेरीत फार काळ लोकप्रिय राहत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ हा विजयादशमीचा दिवस होता. डॉ. आंबेडकरांनी तो अशोकाच्या स्मरणाने निवडला होता. त्याच दिवशी सकाळी महाराष्ट्रातल्या हजारो घरांत घट उठले असतील आणि नऊ दिवसांचे अंकुर माणसांनी आपापल्या टोप्यांत खोवले असतील.